नाकाचं प्रमाणपत्र

पैकाजींच्या डोळ्यांवर मी त्यांचाच दुपट्टा बांधला, गाठ घट्ट केली आणि पहिली वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. वाटीत भाजलेल्या लाकडाचा चुरा होता.

"दोनशे तीस," पैकाजी म्हणाले. "कच्चा हाये अजून. आंबूस येऊन राह्यला."

मी वहीत पाहिलं. दोनशे बत्तीस अंश.

"हा झाला," दुसऱ्या वाटीला ते म्हणाले. "दोनशे साठच्या मागंपुढं. गुळावर आला."

दोनशे एकोणसाठ.

तिसऱ्या वाटीत मी मुद्दाम माझ्या खोलीवरची चहापत्ती टाकली होती. पैकाजींनी वास घेतला, मान तिरपी केली, पुन्हा घेतला.

"साहेब, हे लाकूड नाई जी. आन चायपत्ती लय हलकी पिता तुमी. दुकान बदला."

दहा वाट्या झाल्या. लाकडाच्या नऊ वाट्यांत त्यांची चूक कुठंही तीन अंशांच्या वर गेली नाही. ड्रमला बसवलेला आमचा तापमापक त्याच आठवड्यात आठ अंशांनी चुकत होता, आणि तो जर्मन होता.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, सांगलीहून एम.एस्सी. करून वडशाजवळच्या एका पेलेटच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. वीज केंद्रात त्या कोळशात मिसळून जाळतात. चांगल्या लाकडाच्या भुशाला चांगली गिऱ्हाइकं असतात. आमच्याकडे यायचं ते उरलेलं. ऐन, धावडा, भेरा. वाकडं, गाठाळ, सालीसकट, ज्याचा ना पाट होईल ना खुर्चीचा पाय. त्याच्या कांड्या नीट बांधल्याच जायच्या नाहीत, आणि बांधल्या तरी दमट हवेत फुगून फुटायच्या. आदल्या पावसाळ्यात आमच्या उघड्या शेडमध्ये साठ टनांचा उपमा झाला होता.

त्यावर उपाय एकच होता. लाकूड आधी भाजायचं. हवा न लागू देता, बंद ड्रममध्ये, मग दळायचं, मग दाबायचं. नीट भाजलेलं लाकूड तपकिरी होतं, पाणी धरत नाही, जळतंही जोरात. कमी भाजलं तर पुन्हा उपमा. जास्त भाजलं तर कांडीचा हातातच भुगा होतो. आणि आमच्या ढिगात चार जातींचं लाकूड एकत्र, प्रत्येकाची भाजायची वेळ वेगळी. तापमापक ड्रम किती तापला ते सांगतो. लाकूड भाजलं की नाही, ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

पैकाजी निकुरे आमच्याकडे पोती उचलायला लागले होते. त्याआधी तीस वर्षं त्यांची मुरमुऱ्यांची भट्टी होती. एकदा पाठीवर पोतं घेऊन ड्रमजवळून जाताना ते म्हणाले, "साहेब, करपून राह्यलं." मी त्यांना काटा दाखवला, काटा जागेवर होता. ते म्हणाले, "काट्याले नाक नाई जी," आणि निघून गेले. दोन मिनिटांनी ड्रममधून काळा धूर आला. दुसऱ्या दिवसापासून पैकाजींच्या पाठीवर पोतं नव्हतं. ड्रमशेजारी त्यांना स्टूल मिळालं, आणि आमच्या कांड्या पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवल्या तरी सकाळी खडखडीत निघू लागल्या.

मग वीज केंद्राचा अधिकारी तपासणीला आला. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे भय्याजी म्हणत, त्याला स्वतः फिरवत होते.

"भाजणीवर नियंत्रण कशानं ठेवता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आमच्या पैकाजीच्या नाकानं," भय्याजी अभिमानानं म्हणाले.

अधिकारी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट?"

प्रत्येक उपकरण बरोबर मापतं की नाही हे तपासून तसा कागद ठेवावा लागतो. त्याला नाक हे एखाद्या यंत्राचं नाव वाटलं होतं की तो माझ्यापेक्षा थंड डोक्यानं विनोद करत होता, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मला असल्या गोष्टी सोडवत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी दहा वाट्या मांडल्या, आणि दुपारी कंपनीच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र टाइप केलं.

उपकरण: नाक. क्रमांक: नाक/०१. उत्पादनाचं ठिकाण: सावंगी. उत्पादन वर्ष: १९६१. त्रुटी: अधिक-उणे तीन अंश. पुढील तपासणी: एक वर्षानंतर, किंवा सर्दी झाल्यास त्वरित. एक रकाना उरला होता, तोही भरला. खाली सही केली आणि कंपनीचा गोल शिक्का मारला.

पैकाजींनी कागद दोन्ही हातांत धरून, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत होतो.

"साहेब," ते म्हणाले, "सरकारी कागदं सोडले तर माह्या नावाचा हा पयला कागद."

वडशात एक देवांच्या तसबिरींना फ्रेम करून देणारा होता. पैकाजींनी त्याच्याकडून सोनेरी काठाची फ्रेम करून आणली, एक दिवस ड्रमशेजारी टांगली, आणि धुरानं काच काळी होईल म्हणून घरी नेली.

त्यानंतर त्यांनी भाजणीची नोंदवहीही स्वतः लिहायला घेतली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ब्लेडनं आकडा खरवडताना पकडलं.

"असं नाही करायचं पैकाजी. चूक खोडायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख घालायची."

"कोणत्या दिवसाची? चुकलो त्या?"

"नाही. चूक कळली त्या."

त्यांनी ब्लेड खिशात ठेवलं. "म्हंजे चूक दिसू द्याची. आन वरून सई बी."

"सही बी."

"हे बरं हाये जी. माणूस मोकळा होते."

मार्चमध्ये वीज केंद्राची पहिली मोठी मागणी पाठवायची होती, दोनशे टनांची. साठ टनांच्या उपम्यानंतर भय्याजींनी शेडचं नाव टाकलं होतं. त्यांनी तीन मजले उंचीची बंद लोखंडी कोठी उभी केली होती, वरून भरायची, खालून ट्रकमध्ये सोडायची. तीन आठवडे आम्ही ती भरत होतो. पाच तारखेला सकाळी ट्रक लागले, खालचं दार उघडलं, दीड ट्रक माल घळघळ आला आणि थांबला. कांड्या आत कुठंतरी एकमेकींत अडकून बसल्या होत्या. खालून ठोकून पाहिलं, काही हललं नाही. भय्याजींचा फोन आला, की ट्रक बारा वाजेपर्यंत निघाले पाहिजेत. कुणीतरी वरून आत उतरून बांबूनं माल मोकळा करायला हवा होता.

कारखान्यात वायू तपासायचं एक यंत्र होतं, खिशात मावेल एवढं. ते तीन महिन्यांपासून नागपूरला कॅलिब्रेशनला गेलं होतं. म्हणजे आमच्याकडे उपकरणं दोनच; एक प्रमाणित व्हायला गेलेलं आणि एक प्रमाणित झालेलं. हे वाक्य मी त्या दिवशी शिडी चढताना मोठ्यानं म्हटलं. मागून चढणारे दोघे हमाल हसले.

मला भीती आगीची होती. भाजलेलं लाकूड नीट निवलं नसेल तर ढिगाच्या पोटात आपोआप धुमसू लागतं. मी वरचं झाकण उघडलं.

"पैकाजी, जळकं येतंय का?"

त्यांनी वाकून नाक आत घातलं. आम्ही सगळे गप्प. रोज ड्रमपाशी असायचो तसेच.

"नाई. थंड हाये. गुळाचा वास हाये नुसता."

"नक्की?"

"कागद हाये ना माह्याकडं," पैकाजी म्हणाले.

मी हसलो.

त्यांनी पायातले बूट काढले आणि झाकणाशेजारी जोडीनं ठेवले. मुरमुऱ्यांच्या ढिगावर त्यांनी कधी पायताण घालून पाय ठेवला नव्हता, आणि भाजलेल्या मालात ते फरक करत नसत. बांबू घेतला, आतल्या शिडीनं उतरले. कांड्यांवर त्यांच्या पावलांचा खरखर आवाज झाला. मग बांबूचे ठोके. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण ठोके मला आठवतात. अकरा. बारावा अर्धवट झाला.

मी झाकणातून ओरडलो, "पैकाजी, झोपलात का?"

हे त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं.

मी पाय आत टाकले होते. दोघा हमालांनी मला पट्ट्याला धरून वर ओढलं आणि पत्र्यावर दाबून धरलं. ते दोघे अडाणी होते आणि मी एम.एस्सी. होतो, आणि एका माणसानंतर दुसऱ्यानं आत जायचं नसतं हे त्यांना कळत होतं. खालच्या बाजूनं पत्रा कापून पैकाजींना काढायला चाळीस मिनिटं लागली. चेहरा गुलाबी होता, नुकतेच उन्हातून चालत आल्यासारखा.

"कार्बन मोनॉक्साइड," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "बंद जागेत लाकडाच्या मालातून सुटत राहतो. याला वास नसतो, रंग नसतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. एम.एस्सी.च्या दुसऱ्या सहामाहीत या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते.

कारखाना बंद ठेवला गेला. चौथ्या दिवशी भय्याजींनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तू वर नव्हतास," ते म्हणाले.

"होतो."

"नव्हतास. प्रयोगशाळेत होतास. पैकाजी कुणाला न विचारता उतरला. अनुभवी माणूस, स्वतःवर फार भरवसा. माणूस चांगलाच होता, मी कुठं नाही म्हणतो?"

"हमाल होते ना बरोबर."

"ते गेले छत्तीसगडला, गावी. घाबरले होते बिचारे, मीच गाडीत बसवून दिलं." त्यांनी टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली. "अठरा तारखेला चौकशीचे साहेब येतील. कागदोपत्री काही नाही. फक्त तो तुझा कागद. तुझी सही, माझा शिक्का. कुठंय तो?"

"त्यांच्या घरी."

"आणून टाक. भट्टी आपलीच आहे."

मी हो म्हणालो. मला नोकरी हवी होती, आणि तुरुंगात जायचं नव्हतं. यात समजून घेण्यासारखं अवघड काही नाही.

सावंगीला, पैकाजींच्या घरी, मी सोळा तारखेला गेलो. दुसऱ्या दिवशी तेरवी होती. ओट्यावर स्वयंपाकाची मोठी गंजं घासून पालथी घातली होती. आत खुर्चीवर पैकाजींचा फोटो होता, मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे ते कुणावर तरी रागावल्यासारखे दिसत होते. फोटोला हार होता. वर भिंतीवर सोनेरी काठाची फ्रेम होती. तिलाही हार होता.

त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, मला पाणी दिलं, मग कोरा चहा. मुलगी प्रणाली दाराशी गहू निवडत बसली होती. ती बारावी सायन्सला होती. केमिस्ट्रीचा पेपर तिनं बाप गेल्यावर पाचव्या दिवशी दिला होता.

भिंतीवर कॅलेंडर होतं. दुधाच्या हिशेबात एका तारखेला 'अर्धा' लिहिलेलं, त्यावर एक रेघ, बाजूला 'पाव', आणि खाली बारीक अक्षरात 'पै. नि.' आणि तारीख. मी चहाकडे पाहत राहिलो.

"काकू, तो कागद होता ना," मी म्हणालो. "कंपनीला लागतोय. रेकॉर्डला."

"न्या ना जी. तुमचाच तर हाये." त्या लगेच उठल्या, हार काढून फोटोच्या हाराशेजारी ठेवला, फ्रेम उतरवली आणि पदरानं काच पुसली. "येणाऱ्या-जाणाऱ्याले ते वाचून दाखवत होते. तुमचं लय नाव काढत जी."

मी हात पुढे केला.

"एक मिनिट आई," प्रणाली म्हणाली. तिनं हात झटकले, फ्रेम घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "सर, यात एक चूक आहे."

"कुठली?"

तिनं काचेवर बोट ठेवलं. बापासारखंच, शब्दावर. "मापनकक्षा: सर्व वास, धूर व वायू."

तो शेवटचा रकाना होता. उपकरण काय काय मापू शकतं ते त्यात लिहितात.

"कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो ना, सर?"

"नसतो."

"बाबांना माहीत नव्हतं."

मी कप खाली ठेवला.

"तुम्हाला होतं."

"प्रणाली, ती गंमत होती," मी म्हणालो. "सगळा कागदच गंमत होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गणित तपासून पाहावं तशी.

"बाबा रोज सकाळी निघताना वाचायचे," ती म्हणाली.

कौसल्याबाईंना काही उमगलं नव्हतं. "काय झालं गं? देऊन टाक ना साहेबाले. दुपारची गाडी जाईन त्यांची."

"काही नाही आई. सरांचा एक शब्द चुकलाय. ते दुरुस्त करून देत आहेत." ती आत गेली. येताना एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हातात सांडशी. सांडशीनं तिनं फ्रेमच्या मागचे चार बारके खिळे उपटले, पुठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्यावर कागद ठेवला.

"खोडायचं नाही," ती म्हणाली. "एकच रेघ. बाबांनी शिकवलंय."

मी 'व वायू' या शब्दांवर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं: काही वायूंना वास नसतो. सही केली.

मग तारीख.

समोरच कॅलेंडर होतं. चार मार्च लिहिलं असतं तरी चाललं असतं. पाचच्या आधीची कुठलीही. आधीच दुरुस्त केलेला कागद म्हणजे इशारा दिलेला कागद. भय्याजींनी तो भट्टीत नाही, ऑफिसात टांगला असता. कौसल्याबाई माझ्या रिकाम्या कपात आणखी चहा ओतत होत्या. प्रणाली पेनच्या टोकाकडे बघत होती.

"आज सोळा तारीख आहे, सर," ती म्हणाली.

मी सोळा लिहिलं.

तिनं कागद पुन्हा काचेमागं बसवला, खिळे वरवंट्यानं ठोकले, फ्रेम जागेवर टांगली आणि हार घातला. मग परत गहू निवडायला बसली. मी बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत भय्याजींचे नऊ मिस्ड कॉल आले होते.

अठरा तारखेला मी ऑफिसात शिरलो तेव्हा फ्रेम चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर होती. हार काढलेला होता. भिंतीलगतच्या खुर्चीवर प्रणाली बसली होती, कॉलेजच्या गणवेशात. भय्याजी माझ्याकडे बघत नव्हते.

साहेब वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर. ते कागद मोठ्यानं वाचत होते आणि शेजारचा कारकून ते टाइप करत होता.

"उपकरण, नाक. क्रमांक, नाक तिरकी रेघ शून्य एक. उत्पादन वर्ष, एकोणीसशे एकसष्ट."

कारकून टाइप करत राहिला.

"पुढील तपासणी, एक वर्षानंतर, किंवा सर्दी झाल्यास त्वरित."

"सर्दी?" कारकुनानं विचारलं.

"सर्दी," साहेब म्हणाले.

माझा एकेक विनोद त्या खोलीत असा वाचला गेला, आणि कुणीही हसलं नाही. वाचून संपल्यावर साहेबांनी फ्रेम माझ्याकडे फिरवली.

"ही खालची सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही, या रेघेशेजारची?"

"तीही माझीच."

त्यांनी दोन्ही तारखा पाहिल्या. पहिली नोव्हेंबरची होती, दुसरी परवाची. मग चष्मा काढला आणि मला बसायची खूण केली.

"या दोन सह्यांच्या मध्ये काय झालं?"

भय्याजी खोकले.

"मी वर होतो," मी म्हणालो. "झाकण मीच उघडलं."